गुंठाभर हिरवळ आणि तिच्यावरचे पट्टे : माळीमामांना एक पत्र

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

तुम्ही काम थांबवून गावी गेलात, पण सांगलीतलं हे घरामागचं अंगण अजून तुमच्याच रीतीनं चालतं. आभार घरी येऊनही मानता आले असते. तरी पत्र जाहीर लिहितो आहोत, कारण तुम्ही दाखवलेलं एका अंगणात अडकून पडावं असं नाही. काळ्या मातीत, नारळ-आंब्याच्या शेजारी हरळीचं गवत राखणाऱ्या कुणालाही ते लागेल. म्हणून नुसतं ‘धन्यवाद’ न लिहिता तुमची रीतच बारकाव्यांसह मांडतो. कुठे चुकलं असेल तर कळवा.

सगळ्यात आधी पट्ट्यांबद्दल. हिरवळीवर एक फिका, एक गडद असे पट्टे दिसले की पाहणाऱ्याला वाटतं, दोन जातींचं गवत आहे किंवा कापण्याची उंची कमीजास्त केली आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी हा गैरसमज काढलात. गवत एकच, उंची एकच. फरक फक्त पाती कुठे झुकली त्याचा. आपल्यापासून लांब झुकलेल्या पात्याची रुंद बाजू उजेड परतवते, तो पट्टा फिका. आपल्याकडे झुकलेल्या पात्यांची टोकं आणि त्यांच्या बुडाची सावली दिसते, तो गडद. मागच्या पायरीवरून पाहून झालं की विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बघायला तुम्ही सांगायचात, कारण तिथून तेच पट्टे उलटे दिसतात. एवढं कळलं की पुढचं सोपं होतं. पट्टा कापण्यानं पडत नाही, मागून फिरणाऱ्या रोलरनं गवत वाकवल्यावर पडतो. ज्या फिरत्या पात्याच्या मशीनला मागे रोलर नाही, त्याचे पट्टे पुसटच येणार. आपल्या हातमशीनचा लाकडी रोलर मधे झिजला की पट्टा मधे पुसट पडतो आणि उंचीही बिघडते, हेही त्यातूनच आलं.

दुसरी गोष्ट तुम्ही लपवली नाहीत, याचं विशेष वाटतं. टीव्हीवर विम्बल्डनची हिरवळ पाहून तसेच पट्टे हवेत असा हट्ट धरणाऱ्यांना तुम्ही सरळ सांगायचात की ते गवत वेगळं. २००१ पासून तिथे निव्वळ रायग्रास आहे, थंड हवेतलं, चकचकीत पात्याचं, आणि म्हणून ८ मिलिमीटरवर कापूनही ते उठून दिसतं. आपली हरळी उष्ण हवेतली, बारीक आणि ताठ पात्याची. ती दोन-तीन दिवसांत पुन्हा उभी राहते. पट्टे ठळक हवेत तर उंची २५ मिलिमीटरच्या खाली न्यायची नाही. पावसाळ्यात ३५ पर्यंत ठेवली तरी चालेल, लांब पातं जास्त वाकतं. २० च्या खाली गेलं की हातमशीन उंचवट्यावर गवत सोलतं आणि तिथे पट्ट्याऐवजी टक्कल दिसतं.

उंचीचा हिशेब तुम्ही कधी मोडू दिला नाहीत. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त काढायचं नाही. २५ मिलिमीटर राखायचं तर गवत ३७-३८ च्या पुढे जायच्या आत मशीन फिरलं पाहिजे. म्हणजे भर पावसाळ्यात चार-पाच दिवसांनी, आणि डिसेंबर-जानेवारीत हरळी मंदावली की पंधरा दिवसांनीही चालतं. झड लांबली आणि गवत ८ सेंटीमीटरवर गेलं, तर उघडीप मिळाली म्हणून एका दमात खाली आणणं ही सगळ्यात मोठी चूक. वाढलेल्या हरळीत हिरवं सगळं वरच असतं, खाली नुसत्या पिवळट काड्या. आधी साडेपाच, चार दिवसांनी पावणेचार, मग अडीच. तीन खेपा लागतात, पण हिरवळ पिवळी पडत नाही.

आणि वाफसा. शेतीतला हा शब्द तुम्ही अंगणात आणलात. काळी माती ओली असताना तिच्यावर मशीन नेलं की चाकांच्या चाकोऱ्या पडतात, माती दबते, कापलेलं गवत गोळे होऊन बसतं. मुठीत दाबलेला ढेकूळ बोटाच्या धक्क्यानं फुटला आणि हाताला चिखल राहिला नाही, तर वाफसा आला असं समजायचं. माती तयार पण वर दव असेल, तर दोघांनी दोन टोकांनी दोरी धरून ती गवतावरून ओढत न्यायची, दव गळून जातं. रोलर फिरवायचा तोही वाफशावरच. चिखलात फिरवलेल्या रोलरनं जमीन सपाट दिसते, पण आत ती घट्ट होऊन मुळांची वाट बंद होते.

आता प्रत्यक्ष कापणी. आपलं अंगण १२ मीटर लांब, ८.४ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ गुंठा. मशीनच्या धारेची रुंदी ३५ सेंटीमीटर. प्रत्येक फेरीत ५ सेंटीमीटर आधीच्या फेरीवर चढवायचे, म्हणून हिशेबात धरायचे ३०. आधी खराट्यानं प्राजक्ताची फुलं, आंब्याची पानं, काटक्या झाडून काढायच्या. एक खडा रिळात, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या दंडगोलात, गेला की धारेला खाच पडते. मग कडेकडेनं दोन पूर्ण फेऱ्या. त्यानं चारी बाजूंना ६० सेंटीमीटरची वळायची जागा मिळते आणि आत १०.८ बाय ७.२ चा चौक उरतो. पहिल्या पट्ट्याला दोन खुंट्या आणि ताणलेली दोरी हवीच. पहिली रेघ वाकडी गेली तर पुढच्या सगळ्या तिचं अनुकरण करतात, सुधारायची म्हटलं तरी सुधारत नाही. ढकलताना नजर चाकावर ठेवायची नाही. समोरच्या नारळाच्या बुंध्यावर ठेवून चालायचं. चाकाकडे बघत चाललेली रेघ नेहमी सापासारखी जाते.

तुमची खरी करामत पुढची. ३० सेंटीमीटरचा एकेरी पट्टा लांबून दिसतच नाही, डोळ्यात मिसळून जातो. दोन फेऱ्यांचा ६० चा हवा. पण दोन्ही फेऱ्या एकाच दिशेनं करायच्या तर दर वेळी मशीन रिकामं परत आणावं लागेल. तुम्ही तो खटाटोप असा वाचवलात. पहिल्या रांगेतून जायचं, तिसऱ्या रांगेतून यायचं, मग दुसरीतून जायचं, चौथीतून यायचं. पहिली-दुसरी एका दिशेला झुकल्या, तिसरी-चौथी उलट दिशेला, आणि एक पाऊलही वाया गेलं नाही. पुढे पाच, सात, सहा, आठ. आपल्या चौकात अशा २४ रांगा, म्हणजे सहा आवर्तनं, म्हणजे १२ पट्टे. मधे सोडलेली रांग ३० पेक्षा रुंद होऊ द्यायची नाही एवढंच लक्षात ठेवायचं, नाहीतर दुसऱ्या फेरीत काठावर गवताची शेंडी उरते. वळताना मशीन एका चाकावर गरकन फिरवायचं नाही. हरळीची कांडी पिळून उखडते. थोडं पुढे, थोडं मागे असं करत वळवायचं, आणि सगळं संपल्यावर कडेची एक फेरी पुन्हा मारायची, म्हणजे वळणांच्या खुणा पुसल्या जातात.

बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट हवी असेल तेव्हा त्याच उंचीवर आडवी दुसरी कापणी. आडवे पट्टे १८ येतात. पाहुणे यायच्या दिवशी शोभून दिसतं. पण तुम्ही त्याहून महत्त्वाचं मानलंत ते दिशा बदलणं. एका आठवड्यात उभं, पुढच्यात आडवं, मग एका कर्णावर तिरकं, मग दुसऱ्या कर्णावर. एकाच दिशेनं कापत राहिलं तर हरळीच्या कांड्या त्या बाजूला लोळतात आणि धार त्यांच्यावरून नुसती सरकून जाते. वरून कापल्यासारखं दिसतं, खाली वाळक्या काड्यांचा थर साठतो. शिवाय चाकं त्याच जागी जाऊन नाल्या पडतात. आमच्या मते नक्षीचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की ती बदलत ठेवायची हौस असली की दिशा आपोआप बदलते.

मशीनच्या देखभालीबद्दल तुमचे उपकार वेगळे मोजावे लागतील. हे रिळाचं मशीन १८३० साली इंग्लंडात स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगनं काढलं, कापड गिरणीतल्या लव कातरणाऱ्या यंत्रावरून. तुम्ही हिरवळीला ‘जमिनीची लव’ म्हणायचात, ते किती नेमकं होतं! रीळ आणि बुडाचं स्थिर पातं यांची जोडी कात्रीसारखी. तपासायला वर्तमानपत्राची पट्टी पुरते. हाताला जपून रीळ सावकाश फिरवायचं आणि पट्टी डाव्या टोकापासून उजव्यापर्यंत चार-पाच जागी धरायची. सगळीकडे स्वच्छ कापली तर ठीक. एखाद्या टोकाला दुमडली तर त्या बाजूचा, दोन्ही पाती जुळवायचा स्क्रू पाव फेरा आवळायचा, पुन्हा तपास, पुन्हा पाव फेरा. एकदम आवळला की मशीन जड चालतं, खरखरतं, धार उगाच झिजते. ढिला राहिला की गवत कापलं जात नाही, चिमटीत धरून ओढलं जातं आणि दुसऱ्या दिवशी शेंडे पांढुरके पडतात.

धार पुरती गेली की ग्राइंडिंग पेस्ट, म्हणजे धार घासायचा खरखरीत लेप. चाक काढून रिळाच्या दांड्याला हँडल बसवायचं, पेस्ट ब्रशनं लावायची आणि रीळ उलटं फिरवायचं, आवाज एकसारखा येईपर्यंत. मग रॉकेलनं कणन्‌कण पुसायचा, राहिलेली पेस्ट बेअरिंग खाते. आणि चाकाच्या आतला, चाकाची गती रिळाला देणारा तो खटका! एका बाजूचं चाक फिरतं, रीळ मात्र अडखळतं, तेव्हा लोक धारेला दोष देतात. बहुतेक वेळा खटक्यात ग्रीस थिजलेलं असतं. तिथे ग्रीस भरायचं नाही, पातळ तेलाचे दोन थेंब बस्स. हे एक वाक्य ठाऊक नसल्यामुळे चांगली मशीनं भंगारात जातात.

पट्टे वाचायला तुम्ही शिकवलंत, याबद्दल सगळ्यात जास्त ऋणी आहोत. ताज्या पट्ट्यात एकच बारीक उभी रेघ न कापलेली राहिली, तर बुडाच्या पात्याला खाच आहे. पट्ट्याची एकच कड विसविशीत, तर त्या बाजूचा स्क्रू ढिला. दोन दिवसांत पट्ट्यातून पिवळसर पोपटी शेंडे वर आले, तर तो लव्हाळा. हरळीहून तो झपाट्यानं वाढतो. कापून तो जात नाही, खुरप्यानं खालच्या गाठीसकट काढावा लागतो, आणि गाठ तुटून राहिली तर पुन्हा फुटतो. पट्टा एका जागी नेहमी गडद आणि उंच राहत असेल तर तिथे खड्डा आहे, मशीन वरून जातं. तो भरायला पावसाळ्याच्या तोंडाशी दोन भाग वाळू, एक भाग चाळलेली माती, एक भाग मुरलेलं शेणखत. पूर्ण गुंठ्याला ५ मिलिमीटरचा थर द्यायचा तर अर्धा घनमीटर, म्हणजे ब्रासच्या (शंभर घनफुटांच्या) सहाव्या हिश्शाच्या आसपास. फळीनं पसरून खराट्यानं असं झाडायचं की गवताचे शेंडे वर दिसले पाहिजेत. शेंडे बुडाले तर गवत गुदमरतं. तीन सेंटीमीटरहून खोल खड्ड्याला मात्र गवताची लादी उचलून खाली माती भरणं हाच उपाय.

युरियाचंही तसंच. गुंठ्याला एक किलो, घमेलंभर वाळूत मिसळून. निम्मा उभा फेकायचा, निम्मा आडवा, लगेच भरपूर पाणी. एकाच दिशेनं फेकला तर आठवड्यानं त्याचेच हिरवे-फिके पट्टे उमटतात, आणि ते रोलरनं पुसता येत नाहीत. पोतं हिरवळीवर ठेवून कधी उघडायचं नाही, सांडलेल्या मुठीची जागा करपते.

आंब्याखाली हरळी लावायचा नाद तुम्ही सोडवलात, तेही बरं केलंत. तिला ऊन हवंच. तिथे मुरुमाचं गोल आळं केलं, त्याच्याभोवती मशीनची एक गोल फेरी मारायची आणि सरळ पट्टे त्या गोलाला येऊन थांबवायचे. बुंध्याला मशीन घासत नाही.

तुळशीवृंदावनाजवळचा हातभर कोपरा तुम्ही श्रावण अर्धा सरला की न कापता सोडायचात. हरळी म्हणजेच दूर्वा. पण सतत कापलेल्या गवताला तीन पानांचा कोवळा शेंडा धरतच नाही, त्याला मोकळी वाढ लागते. तिथे पाय पडू नये म्हणून दोन विटा आडव्या लावायचात. गणपतीत एकवीस-एकवीसच्या जुड्या तिथूनच निघतात, आणि अनंत चतुर्दशीनंतर तो कोपरा तीन खेपांत हळूहळू खाली आणायचा, बाकीच्या हिरवळीइतका. या सगळ्याबद्दल, मामा, मनापासून आभार.

लाकडी रोलर यंदा मधे बराच झिजला आहे, नवा सागवानी कातून घेतो आहोत. विहिरीकडच्या बाजूला दोन लाद्या बदलल्यात, त्या रुजेपर्यंत तिथून मशीन नेणार नाही. पुढची कापणी चौथ्या आठवड्याची आहे, नारळाकडून पायरीकडे, तिरकी.

आपली नम्र,
अंगणातली सगळी मंडळी