कॅमेरा घेण्याआधी वाच

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू मोबाइलवर पाठवलेला कॅमेऱ्याचा फोटो बघितला. परवा फोनवर बाबांचं आणि तुझं वाजलं, म्हणून बोलण्याऐवजी लिहिते. आजींचा घशाचा रिपोर्ट गुरुवारी आहे. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही, फक्त त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला घ्यायच्या कॅमेऱ्याचं सांगते.

सात हजारांचा तो ‘४के’ घेऊ नकोस. अशा बिननावाच्या कॅमेऱ्यात सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, बारीक असतो आणि चित्र आतल्या आत फुगवून ४के म्हणून साठवतात. ‘१६ पट झूम’ लिहिलंय तो डिजिटल, म्हणजे चित्र कापून मोठं करणं. आकडा वाचायचा तो ऑप्टिकल, म्हणजे लेन्सनेच होणाऱ्या झूमचा. सोनीच्या सीएक्स४०५ ला तो ३० पट आहे, कॅननच्या एचएफ आर८०६ ला ३२ पट. दोन्ही फुल एचडी आहेत, घरच्या टीव्हीला तेवढं पुष्कळ झालं. मॉडेलं जुनी आहेत, तेव्हा वापरलेला पण धड असलेला शोध.

मी कॅननच घेईन. त्याला बाहेरचा माइक लावायला ३.५ मिलिमीटरचं सॉकेट आहे, सोनीला नाही. कॅमेऱ्यातला माइक पंखा, मिक्सर, गल्लीतली रिक्षा सगळंच उचलतो. त्यात ऑटो लेव्हल, म्हणजे आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय, असली की माणूस बोलायचं थांबलं रे थांबलं, पंख्याची घरघर वर येते. आजींचा आवाज आधीच खोल गेलाय. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लाव, पण पदराच्या घडीत नको, कापड घासून खरखर येते. आणि मोबाइलचा कॉलर माइक तसाच चालत नाही. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याला दोन रेघांची पिन लागते. हेडफोन लावून ऐकल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नकोस. चित्र थोडं अंधारं आलं तर चालेल रे, आवाज गेला तर काय उरतं?

ताईमावशी अमेरिकेतून आणते म्हणतेय, तिला नको म्हण. तिकडची मॉडेलं सेकंदाला ३० आणि ६० फ्रेमची, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. इकडच्या मॉडेलला मेनूत २५ किंवा ५० मिळतं.

वापरलेला बघायला जाशील तेव्हा कार्ड आणि हेडफोन घेऊन जा. स्क्रीन उघड, फिरव, पुन्हा मिट. बिजागरीतली वायरची पट्टी तुटत आली असेल तर चित्र मध्येच जातं. झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत ने आणि मोटरचा आवाज ऐक. लेन्समध्ये टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का बघ. ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते, त्यामुळे कितीही स्वस्त असला तरी तो सोडून दे. बॅटरी फुगलेली नाही ना बघ आणि सलग वीस मिनिटं रेकॉर्ड करून घरी येऊन तपास.

बघ, पुन्हा शिकवणी सुरू झाली माझी. राग मानू नकोस. तुला यातलं कळतं, हे मला माहीत आहे. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाखाली उभा राहून तू बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा कसा बनवला असेल ते विचारत राहायचास. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी नाचताना तुझा हात हलला नव्हता. ते चित्रण काकांनी सगळ्या भावकीला दाखवलं होतं. पण त्यात हलगीखाली आजींचं ‘चांगभलं’ नीट ऐकू येत नाही.

कार्ड ६४ जीबीचं घे. सेकंदाला ३५ मेगाबिटच्या दर्जाला तासाला साधारण १६ जीबी जातात, म्हणजे जवळपास चार तास. बनावट कार्डं फार आहेत. वर ६४ लिहिलेलं असतं, आत आठच असतात, आणि पुढचं चित्रण गुपचूप जातं. एच२टेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर लावून कार्ड पूर्ण भरून तपास. रेकॉर्डिंग झालं की त्याच रात्री दोन हार्डडिस्कवर उतरव. एक इथल्या कपाटात राहील, एक तुझ्याकडे पुण्याला. दोन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

बाबांचं म्हणणं पैशाचं नव्हतंच. तू दिवाळीच्या सेलपर्यंत थांबतो म्हणालास, ते त्यांना लागलं. ते स्वतः बोलणार नाहीत, म्हणून मी लिहिते. आजी सकाळी जास्त बोलतात, दुपारनंतर घसा धरतो. जात्यावरच्या ओव्या त्यांना अजून पाठ आहेत. कांदा-लसूण चटणीचं प्रमाण विचार, माहेरच्या पुराचं विचार. मी विचारलं की दोन शब्दांत आटपतात, तुझ्याशी मात्र बोलत बसतात.

कॅमेरा नाहीच जमला तर थांबू नकोस. मोबाइल आहे, त्याला त्याचाच तीन रेघांचा माइक लाव, एअरप्लेन मोड कर, स्टँडवर आडवा ठेव आणि ये. गुरुवारच्या आधी जमेल का?

तुझी,
आई

ता. क. मऊ गोंड्याचं कव्हर असलेला माइक आण. आजी अंगणात बसतात आणि तिथे वारा असतो.