जुन्या चांदीच्या नाण्यांना घासू नका

संपादक महाराज, सप्रेम नमस्कार.

आजीच्या डब्यात चांदीची चार वेडीवाकडी नाणी निघाली आणि घरातल्यांनी ती आधी चिंच लावून लख्ख घासली! वाईट वाटलं, म्हणून हे पत्र. हाताने ठोकलेल्या नाण्यांत ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असायची, त्यामुळे सन बरेचदा चकतीबाहेरच राहायचं, जे थोडंफार उरतं ते घासून गेलं की मग ओळख पटवायची कशावरून?

नुसतं सन वाचूनही फसायला होतं. सौराष्ट्रातल्या नवानगर, पोरबंदर संस्थानांच्या ‘कोरी’ नावाच्या चांदीच्या नाण्यांकडे बघा, त्यांच्यावर गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाचं नाव आणि हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेतलं, सन ९७८, म्हणजे इ.स. १५७०-७१, पण तेच सन पुढे कित्येक पिढ्या तसंच ठोकत राहिले. तिथे देवनागरी अक्षरं बघायची, ‘श्री जाम’ असेल तर नवानगर, ‘श्री राणा’ असेल तर पोरबंदर. आपल्या गायकवाडांच्या बडोद्याच्या रुपयावर फारसीत मुघल बादशहाचं नाव असलं तरी बाजूला राजाचं नागरी आद्याक्षर असतं, गणपतराव असतील तर ‘ग’, आणि त्यांचा काळ १८४७ ते १८५६, म्हणजे सन कापलं गेलं तरी नाणं केव्हाचं ते कळतं की!

हिजरी सन पूर्ण दिसलं तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, साधारण इसवी सन येतं. आणि प्लीज, सोनाराकडे वितळवायला देण्याआधी वजन करून दोन्ही बाजूंचे फोटो काढून एखाद्या जाणकाराला दाखवा.

- एक वाचक, पुणे