तुझ्या गाडीचा क्लच

डिचोली, श्रावण

चि. बायस अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी तुझ्या लाल गाडीचा क्लच पुन्हा चालू झाला. फोनवर तू म्हणालीस, "बाबा, खालचं रबर किट बदला आणि सोडून द्या." मी तसं केलं नाही. पेडल दाबलं की तेल पुढे ढकलणारा पेडलमागचा मास्टर आणि त्या तेलाच्या जोरावर क्लच सोडवणारा गिअरबॉक्सवरचा स्लेव्ह, दोन्ही सिलिंडर नवे घातले. पैसे तुझे गेले, तेव्हा कारण तुला नीट कळायला हवं.

तू जर्मनीला गेलीस त्याला तीन पावसाळे झाले. महिन्यातून एकदा मी इंजिन चालू करायचो, पण न्यूट्रलमध्येच. क्लच कधी दाबला नाही, गाडी जागची हलवली नाही. ती माझी चूक. मे महिन्यात पेडलवर पाय ठेवला तर ते तळाला गेलं आणि तिथेच पडून राहिलं. बोटांनी उचलून वर आणावं लागलं.

क्लचच्या तेलाच्या टाकीतलं तेल अर्ध्याखाली गेलं होतं. पेडलखालचा गालिचा चाचपला तर कोरडा. मग रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी बरोब्बर गिअरबॉक्सखाली कोऱ्या चहाच्या रंगाचा डाग. स्लेव्हचं रबरी बूट नखाने मागे ओढलं, तशी काळपट धार मनगटापर्यंत ओघळली. तिथेच थांबलो असतो तर तुझंच म्हणणं खरं ठरलं असतं. पण डॅशबोर्डखाली उताणा शिरून मास्टरच्या दांड्यामागे बोट घातलं, तेही ओलं निघालं. गालिच्यापर्यंत ते अजून पोचलं नव्हतं एवढंच.

क्लचमध्ये असतं ते ब्रेक ऑइलच, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. पावसात आपल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तशीच ओढ. डॉट ४ प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल मुरली की हाच आकडा १५५ वर येतो. ब्रेकना त्याचं भय जास्त. क्लचला मारतो तो गंज. स्लेव्ह सगळ्यात खाली, म्हणून पाणी नि गाळ तिथे साठतो. उघडून आत टॉर्च मारली तर पिस्टन इतके दिवस उभा होता तिथे मोहरीएवढे खड्डे पडलेले. म्हापशाचा मेकॅनिक म्हणाला, पॉलिश पेपर मारून किट घालू. मी नको म्हटलं. खड्ड्यांवर घासून नवं रबर किती दिवस टिकणार?

आणि मास्टर का बदलला ते ऐक. सिलिंडर बदलताना पाईपात शिरलेली हवा काढायला पेडल तळापर्यंत दाबावं लागतं. रोजच्या वापरात पिस्टन जिथे जात नाही, त्या गाळ धरलेल्या भागावरून जुनं रबर पुढेमागे होतं आणि त्याची कड कापली जाते. म्हणजे नुसता स्लेव्ह बदलला असता, तर हवा काढतानाच मास्टरने मान टाकली असती. मग तेच काम दुसऱ्यांदा.

पाईपचा नट सोडवायला मात्र अर्धा दिवस गेला. साधा पाना लावला असता तर कडा गोल झाल्या असत्या, म्हणून पाईपच्या नटाचा खास पाना मागून आणला. बॉनेटवर जुन्या चादरी अंथरल्या होत्या. हे तेल रंगावर सांडलं की रंग फुगून येतो, आणि तुझा तो लाल पुन्हा तसाच मिळणार नाही.

हवा काढायला आई बसली पेडलवर. "दाब... धरून ठेव... आता सोड." मी खाली स्लेव्हवरचं हवा सोडायचं निप्पल उघडत-बंद करत होतो. पारदर्शक नळीतून आधी नुसता फेस, मग तुरळक बुडबुडे, मग मधासारखी स्वच्छ धार. चाळीसेक वेळा तरी दाबलं असेल तिने, मधे एकदाही उठली नाही. शेवटी पेडल आपणहून वर आलं तेव्हा तिने मला वाकून विचारलं, "बायला सांगू ना आता?"

इंजिन चालू ठेवून रिव्हर्स घातला, कुरकुर नाही. पाऊस थांबला की मयेच्या तळ्यापर्यंत नेऊन आणेन आणि यापुढे दर आठवड्याला. दोन वर्षांनी तेल बदलायचं, ते मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.

चवथीला येशील तेव्हा एक लक्षात ठेव, क्लच आता पूर्वीपेक्षा वर पकडतो. शेडमधून मागे घेताना सावकाश सोड. मागच्या भिंतीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान टेकवलेलं असेल.

तुझा,
बाबा