पेशी चकवतात, आणि केमिस्ट?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान सातवर ‘पेशींनी दिला औषधाला चकवा’ ही बातमी वाचली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार कधीकधी का फसतात, यावर पीएच.डी. करणाऱ्या त्या मुलीचे मनापासून अभिनंदन. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार आपल्या वार्ताहराविषयी आहे. त्याने सगळा दोष जनुकांवर ढकलला आणि हात झटकले.

जनुकांचे मी नाकारत नाही. उलटलेल्या आजाराच्या पेशींत कधीकधी एनटीफाइव्हसीटू हे जनुक बदललेले सापडते आणि मर्काप्टोप्युरिन हे या आजारावरचे औषध काम करण्याआधीच त्या पेशी ते निकामी करून टाकतात, हे 2013 सालीच छापून आले आहे. आपल्या वार्ताहराला ते आत्ता ‘खळबळजनक’ वाटले. वाटो बापडे. पण गोळी पोराच्या पोटात गेलीच नाही, तर पेशींना चकवा द्यायची गरजच काय?

माझ्या भाच्याचे सांगतो, त्याला हाच आजार झाला होता. मुंबईतले इंजेक्शनांचे महिने कसेबसे पार पडले, केस परत आले, पोरगा शाळेत जाऊ लागला. पुढे दीड-दोन वर्षे घरीच गोळ्या: मर्काप्टोप्युरिन रोज रात्री, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. तालुक्याच्या केमिस्टने चिठ्ठी उलटसुलट पाहिली, मेथोट्रेक्सेटवर बोट ठेवले आणि बहिणीला म्हणाला, “ताई, ही तर संधिवाताची गोळी. एवढ्याशा पोराला कोण देतं? विचारून या आधी.” दुसरी गोळी त्याच्याकडे नव्हतीच, “मागवावी लागेल.” मुंबईला फोन लावला तर कुणी उचलेना. घरात सासूबाई आधीच म्हणत होत्या, हसतंखेळतं पोर आहे, कशाला रोज विष घालता. त्यांना आता दुकानदाराचाच दाखला मिळाला. पुढच्या तारखेपर्यंत गोळ्या बंद!

त्या केमिस्टला कुणी सांगायला हवे होते की, संधिवाताला ही गोळी देतात हे खरेच. पण हिच्याच जातीच्या अमिनॉप्टेरिनने बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी या आजाराची मुले काही काळ तरी बरी करून दाखवली, 1948 साली. आणि ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्याच देशातले, आंध्रचे. मी पस्तीस वर्षे विज्ञान शिकवले, तेव्हा हे सांगायची खोड जात नाही.

वर्षभराने आजार उलटला. तो गोळ्या चुकल्यामुळेच उलटला असे डॉक्टर कधी म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. (पोरगा आता अकरावीत आहे आणि मला उलट उत्तरे देतो. काळजी नसावी.) पण अमेरिकेत डबीच्या झाकणात चिप बसवून मुलांच्या गोळ्या मोजल्या गेल्या आहेत. डबी किती वेळा उघडली याची नोंद आपोआप होते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांनी 95 टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतल्या, त्यांचा आजार उलटण्याचे प्रमाण जास्त निघाले. हिशेब करून पाहा, महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की मूल 95च्या खाली. आमच्याकडे तर एक लग्न आणि एक जत्रा पुरे.

उलटही होते. एनयूडीटीफिफ्टीन नावाच्या जनुकात फरक असलेल्या मुलांना मर्काप्टोप्युरिनचा नेहमीचा डोसच झेपत नाही, पांढऱ्या पेशी धडाधड उतरतात. हा फरक युरोपियनांपेक्षा आशियाई लोकांत जास्त आढळतो. मग डॉक्टर डोस कमी करतात, आणि आई 50 मिलिग्रॅमची गोळी विळीवर अर्धी करत बसते. निम्मा चुरा ताटात. तेव्हा जनुक आणि स्वयंपाकघर यांत आपण समजता तेवढे अंतर नाही. आपल्या बातमीत स्वयंपाकघर कुठे आहे? केमिस्ट कुठे आहे? अर्ध्यावर उपचार सोडून गावी परतणारी कुटुंबे कुठे आहेत? ‘पेशी हुशार निघाल्या’ एवढ्यावर ज्याचे समाधान झाले, त्या वार्ताहराला एक दिवस जिल्ह्याच्या औषध दुकानांत मर्काप्टोप्युरिन मागत फिरवा. खर्च मी देतो, एस.टी.चा.

जाता जाता आणखी एक. याच बातमीच्या खाली, चौकटीत, आपण ‘कर्करोग मुळापासून बरा, गुण न आल्यास पैसे परत’ अशी एका वैद्यराजांची जाहिरात छापली आहे. अशा जाहिरातींना 1954च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे, आणि त्यात कर्करोगाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. मागे आपल्याच आरोग्य पुरवणीत ‘सदाफुलीपासून कर्करोगाचे औषध’ असा लेख आला होता. माहिती बरोबरच होती, व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतूनच मिळते. पण ती झाडातून कारखान्यात शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात हे एका वाक्यात लिहिले असते, तर आमच्या शेजारच्या काकू कात्रण आणि सदाफुलीच्या पानांचा काढा घेऊन बहिणीच्या दारात उभ्या राहिल्या नसत्या. काढा मोरीत ओतला. काकू अजून बोलत नाहीत.

वैद्यराजांची जाहिरात कोणत्या विभागाने, कोणता कायदा वाचून स्वीकारली, एवढे तरी पुढच्या अंकात छापावे. पान सातवरच, तेवढ्याच मोठ्या चौकटीत.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, कराड