आबा, तुमच्यामुळे आमचा चाफा आहे

ती. आबांना,
साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते. नात वाचून दाखवील.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि सांगलीतल्या आमच्या गावभागात खालचे मजले बुडाले. पाणी उतरल्यावर तासगावाकडून गाळ काढायला आलेल्या माणसांत तुम्ही होता. घरातली माणसं भांडी, गाद्या, कागदपत्रं वाळवत होती. परसातल्या देवचाफ्याकडे बघायला कोणाला सवड? आजेसासूबाईंनी लावलेलं झाड ते. तुम्ही मात्र फावडं टेकवून बुंध्यावर अंगठा दाबलात. अंगठा आत गेला.

"ताई, खालचं गेलंय. वरचं जित्तं हाय. दूध येतंय तवर जीव हाय."

मग करवत काढलीत. पहिल्या कापात आतला गाभा तपकिरी निघाला, तुम्ही आणखी वर कापलंत, पुन्हा वर, पांढराशुभ्र लागेपर्यंत. प्रत्येक कापाआधी पातं पुसून घेतलंत. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात धुवा, हे मला दोनदा बजावलंत. पानं खुडलीत, कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावलीत. द्राक्षबागेत आयुष्य गेलेल्या माणसाच्या पिशवीत ती असायचीच म्हणा.

फांद्या लगेच मातीत खोचायला आम्ही निघालो होतो. तुम्ही अडवलंत. चाफ्याची फांदी ओल्या जखमेनं लावली की कुजते. दोन आठवडे सावलीत, कोरड्या जागी पडू द्यायची, काप सुकून कडक झाला की मगच कुंडीत. सगळा गाव ओला, कोरडी जागा आणायची कुठून? माडीवरच्या कपाटावर वर्तमानपत्र घालून तुम्हीच ती ठेवून दिलीत. आणि आमची काळी माती तर नाहीच. मुरूम, जाड वाळू आणि मूठभर कुजलेलं शेणखत. पान फुटेपर्यंत पाणी जेमतेम. पाण्याच्या लाडानंच चाफा मरतो, हे पुरातून उठलेल्या घराला सांगायला धीर लागतो!

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा कुंडी गच्चीवर होती. त्यानंतर परसात मुरमाचा उंचवटा करून झाड जमिनीत लावलं. थंडीत पानं गळून नुसते खुंट उरतात, तेव्हा शेजारच्या काकू हळहळतात आणि बादली घेऊन येतात. मी त्यांना तुमचं नाव सांगून थोपवते. पावसाळ्यात पानांखाली नारिंगी भुकटी दिसली की उसावरचा तांबेरा आठवतो. ती पानं वेचून लांब टाकते, पाणी फक्त बुडाशी घालते.

एक गंमत मला नंतर वाचून कळली. फांदीच्या टोकाला फुलांचा घोस आला की पुढे ती तिथूनच फुटते, म्हणून झाडावरचे बेचके मोजले की मागचे बहर कळतात. वास रात्री वाढतो तो पतंगांसाठी, पण फुलात मध नसतोच, बिचारे फसतात. आणि झाड मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं. आजेसासूबाईंना हे सांगितलं असतं तर त्यांनी मलाच देवासमोर उभं केलं असतं.

तुम्ही त्या दिवशी पैसे घेतले नाहीत, चहाही उभ्यानंच प्यालात. म्हणून आता एक काम सांगते. पश्चिमेकडची फांदी भिंतीवर रेलली आहे. माझ्या मते उन्हाळ्याच्या तोंडाला कापावी, ह्यांचं म्हणणं राहू दे, बहर जाईल. निकाल तुम्ही द्या. द्राक्षांची खरडछाटणी उरकली की या, जेवायलाच या. करवत आणा, कापलेली फांदी तुमच्या बांधावर लावायला घेऊन जा.

तुमची,
गावभागातली ताई