विटा झेलणारे हात आणि शाळेतला खेळाचा तास

मा. संपादक, स. न.

आपल्याकडे सुपर बोलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलची, बातमी येते ती मधल्या वेळात कोण गायलं आणि जाहिराती कितीला गेल्या एवढीच, खेळणाऱ्यांबद्दल फारसं काही नसतं म्हणून हे पत्र. मुलासोबत बसून जेरी राइस या अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूचे जुने सामने बघितले आणि डोक्यातून जातच नाहीये.

आमच्या वाकडच्या सोसायटीसमोर बिल्डिंग उठतेय, तिथे खालचा बिगारी वीट वर फेकतो आणि परांचीवरचा पोरगा ती अलगद झेलतो, दिवसभर, एकही न सोडता. जेरी राइसचे हात असेच तयार झाले. बाप गवंडी, मिसिसिपीतलं क्रॉफर्ड हे अगदी छोटं गाव, भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा वर उभा राहून झेलायचा. अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसिव्हरचं काम तरी दुसरं काय, लांबून आलेला बॉल पळता पळता झेलायचा, तोही अंगावर माणसं येत असताना!

आणि हा खेळात आला कसा, तर शाळेला दांडी मारताना सरांनी पकडलं तेव्हा हा असा काही सुसाट पळाला की शिक्षा तर झालीच पण त्यांनी त्याला फुटबॉलच्या कोचकडे नेऊन उभा केला. पुढे मिसिसिपी व्हॅली स्टेट हे लहान कॉलेज, १९८५ ला कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमने १६ व्या नंबरवर घेतला. पहिल्या सीझनला हातातले बॉल सुटायचे, घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. हा मात्र सीझन संपला की सॅन कार्लोसची टेकडी पळत चढायचा, चारेक किलोमीटर, रोज पर्वती पळत चढणाऱ्यांना कळेल ते काय असतं. जानेवारी १९८९ च्या सुपर बोलमध्ये ११ कॅच, त्यांवर २१५ यार्ड पुढे मजल, सामनावीर. १९९७ ला गुडघा गेला तरी परत आला आणि चाळिशी ओलांडूनही खेळला. एकूण १,५४९ कॅच आणि २२,८९५ यार्ड, म्हणजे जवळपास २१ किलोमीटर, हाफ मॅरेथॉनच की! अजून कुणी तो रेकॉर्ड मोडलेला नाही.

मला सारखे ते सर आठवतात. पळणाऱ्या पोराचे पाय त्यांना दिसले. माझ्या मुलाच्या शाळेत आठवड्याला खेळाचे दोन तास, त्यातला एक हमखास गणिताला जातो, विचारलं तर पोर्शन राहिलाय म्हणतात. मग पाय दिसणार कुणाला आणि कधी?

तुम्ही एवढं करा, पुण्यातल्या शाळांत बातमीदार पाठवा आणि खेळाचा तास खरंच ग्राउंडवर होतो का ते बघून छापा. सुरुवात आमच्या शाळेपासून केली तरी चालेल, वेळापत्रक मी स्वतः ऑफिसात आणून देतो.

एक पालक, वाकड, पुणे