पाठकोऱ्या बाजूवरचे उत्तर

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

मणक्याच्या क्षयरोगाचा भार आणि रुग्णांचे जीवनमान या विषयावरील प्रबंधासाठी आपण ज्यांना प्रश्न विचारलेत, त्यांपैकी मी एक. नाव लक्षात नसेल. पण पाठीला पट्टा बांधून खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेली प्राथमिक शाळेतील बाई कदाचित आठवेल.

आपली भेट होण्यापूर्वीचे आठ महिने मलम, ट्रॅक्शन आणि ‘वयाप्रमाणे हे व्हायचेच’ यांत गेले. थुंकीच्या तपासणीत काही आढळले नाही म्हणून क्षयाचा विषयच मिटवण्यात आला. मणक्यातील क्षयाचे जंतू थुंकीत सापडतीलच असे नसते, हे सांगण्याची कोणाला सवड नव्हती. एका ठिकाणी तर मी संध्याकाळच्या तापाबद्दल बोलत असतानाच पुढच्या रुग्णाला आत बोलावले गेले. पाय लटपटू लागले तेव्हा कुठे एमआरआय झाला. त्याचा राग अजून गेलेला नाही आणि तो मी लपवतही नाही.

आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली होती. सोळावा प्रश्न झोपेबाबत मी किती समाधानी आहे, हा होता आणि उत्तराला पाच पर्याय होते. मी अडले. म्हणाले, “झोप येते हो, पण कुशीवर वळायचे तर ह्यांना उठवावे लागते. दिवसभर राबलेल्या माणसाला किती वेळा उठवायचे? म्हणून मी एकाच अंगावर जागी पडून राहते.” आपण एका पर्यायावर खूण करून घेतलीतच, कारण आकड्यांवाचून प्रबंध होत नाही हे मलाही कळते, पण मग कागद उलटा करून पाठकोऱ्या बाजूवर माझे बोलणे जसेच्या तसे उतरवलेत आणि “असेच म्हणालात ना?” असे विचारून वाचून दाखवलेत. ‘ह्यांना’ खोडून आपण ‘पतीला’ केले नाहीत, हे मी पाहिले.

पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७९ साली या आजाराचे वर्णन केले आणि हाडासांध्यांच्या क्षयापैकी साधारण निम्मा मणक्यातच असतो, हे मला आपल्याकडूनच कळले. इतका जुना आजार, तरी माझी रात्र कशी जाते हे ऐकून घेणारे पहिले माणूस मला आपल्या रूपाने भेटले. माझा कप वेगळा ठेवणाऱ्या जाऊबाईंना आपण दोन वाक्यांत समजावलेत, त्याचेही ऋण आहेच.

मी स्वतः वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. अपेक्षित उत्तर नसले की फुली मारायची, एवढेच केले. मूल काय सांगू पाहत होते, हे वाचायला दोन मिनिटे जास्त लागली असती. ती मी क्वचितच दिली. माणुसकी म्हणजे बहुधा अशी दोन मिनिटेच असतात, आणि गर्दीच्या ओपीडीत ती काढणे किती कठीण, हे मी बाकावर बसून पाहिले आहे.

किमान बारा महिन्यांच्या औषधांपैकी माझे नऊ महिने झाले. परवा पहाटे मी कोणालाही न उठवता डाव्या कुशीवर वळले. त्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर जागा उरली असेल, तर एवढे लिहून घ्यावे.

आपली कृतज्ञ,
सोळाव्या प्रश्नाशी अडलेली रुग्ण